सी हॉकचं शेपूट : १:४८ प्रतिकृतीच्या बांधणीचं एक प्रकरण

कपाटाचा खण आतून २८ सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर खोल आणि १६ सेंटिमीटर उंच होता. ठाण्यातल्या एका शाळेच्या त्या काचेच्या कपाटात ४ डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनाला, आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेवरच्या सी हॉक या जेट विमानाची प्रतिकृती ठेवायची ठरली होती. बांधणारा एक, मदतीला चौघं, आणि हाताशी जून ते नोव्हेंबर असे सहा महिने. या बांधणीतली बरीचशी कामं कुठल्याही जेट विमानाच्या प्रतिकृतीत येतात, त्यामुळे ती थोडक्यात सांगू. शेपटाचा उभा पंख, नाकातलं वजन आणि पावसाळ्यातला रंग या तीन ठिकाणी मात्र काम अडलं, आणि तिन्ही अडचणी एकमेकींत गुंतल्या. त्यांची नोंद सविस्तर ठेवणं गरजेचं आहे.

माप आणि संचाची निवड

हॉकर सी हॉकच्या पंखांचा विस्तार ११.८९ मीटर आणि लांबी सुमारे १२.०९ मीटर. १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या मापात, हे अनुक्रमे १६५ आणि १६८ मिलिमीटर होतात, म्हणजे पंख पसरूनही विमान खणात मावलं असतं. तरी १:४८ निवडलं, कारण शाळेतली मुलं काचेबाहेरून हातभर अंतरावरून बघणार. विमानवाहू नौकेवरच्या विमानात त्यांना दाखवण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे दुमडणारे पंख, आणि १:७२ मध्ये तो सांधा तांदळाएवढा दिसतो. १:४८ मध्ये लांबी २५२ मिलिमीटर आणि विस्तार २४८ मिलिमीटर होतो. पंख पसरले तर १८ सेंटिमीटर खोलीत विमान बसत नाही. पंख दुमडल्यावर खऱ्या विमानाची रुंदी ४.०६ मीटर राहते, म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम ८५ मिलिमीटर. म्हणून पंख दुमडायचे हे कपाटानेच ठरवून दिलं.

या मापात ट्रम्पेटर या कंपनीने सी हॉकचे जोडायच्या प्लॅस्टिक भागांचे दोन संच काढले आहेत: एक एफजीए ६ प्रकाराचा आणि दुसरा मार्क १००/१०१ चा. हाताशी होता पहिला. एका मित्राकडे तो बरीच वर्षं न उघडलेला पडून होता आणि त्याने तो देऊन टाकला. नवा मागवण्यात वेळ आणि जकात दोन्ही गेले असते. निर्णय चुकीचा नव्हता, पण त्याच वेळी एक प्रश्न विचारायचा राहून गेला: ज्या विमानाची प्रतिकृती करायची ते विमान नेमकं कुठल्या प्रकारचं आहे?

भारतीय नौदलाची सी हॉक दोन वाटांनी आली. पहिली ब्रिटनमधून. विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्यासाठी घेतलेली. दुसरी खेप पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून झालेल्या मार्क १०० आणि १०१ विमानांची. दोन्ही खेपांतली विमानं ३०० क्रमांकाच्या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनच्या पदरी आली. दुरून ती सारखीच दिसतात, पण जर्मन विमानांचा उभा पंख आणि त्यावरचं सुकाणू जास्त उंच आहे. एफजीए ६ हा ब्रिटिश प्रकार, त्यामुळे त्याच्या संचात अर्थातच आखूड पंख येतो.

मदतीची वाटणी

चौघांना कामं वाटून दिली होती आणि प्रत्येकाचं काम एकच होतं. वास्कोत राहणारा मित्र गोव्यातल्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन फोटो आणि मापं आणणार. नाशिकचा मित्र चिन्हं आणि अक्षरं तयार करणार. त्याच्याकडे स्टिकर कापायचं यंत्र आहे. पुण्यातली एक मैत्रीण त्रिमितीय छपाईने आसन करून देणार. चौथे म्हणजे सी हॉकवर तंत्रज्ञ म्हणून काम केलेले एक निवृत्त नौसैनिक. त्यांना सगळे काका म्हणत.

बांधणाऱ्याने एक वही ठेवली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, आणि उत्तरापुढे रंगीत टिपका. निवडलेल्या विमानाच्या त्या काळातल्या फोटोवरून मिळालेलं उत्तर असेल तर हिरवा. त्याच प्रकारच्या दुसऱ्या विमानावरून किंवा संग्रहालयातल्या विमानावरून मिळालेलं असेल तर पिवळा. आठवण किंवा तर्क असेल तर तांबडा. ही पद्धत साधी आहे आणि तिने पुढे फार मोठी मदत केली, पण फक्त जे प्रश्न वहीत उतरले त्यांच्याबाबत. ‘उभ्या पंखाची उंची’ हा प्रश्न ऑगस्टपर्यंत वहीत आलाच नव्हता. संचात भाग आहे म्हणजे तो बरोबरच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

काकांना प्रश्न कसे विचारायचे हेही दोन-तीन फोननंतर कळलं. “काका, वरचा रंग नेमका कुठला होता?” असं विचारलं की पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगाची आठवण येते, आणि त्यात नंतरच्या विमानांचे रंग मिसळलेले असतात. “काका, तुम्ही पंखावर कुठून चढायचात? कुठला झाकणपत्रा रोज उघडायचा?” असं विचारलं की उत्तर हाताच्या सवयीतून येतं आणि ते चुकत नाही. रंग कुठे झिजलेला दाखवायचा, तेलाचे हात कुठे लागायचे, खाऱ्या हवेत गंज धरला की तेवढाच भाग घासून ब्रशने नवा रंग कुठे मारायचे, हे सगळं त्यांच्याकडून मिळालं.

धड आणि आतलं काम

कॉकपिटमध्ये विशेष काही घडलं नाही. आतला रंग काळा, पण निव्वळ काळा मारला तर सगळे तपशील बुडतात. म्हणून काळ्यात थोडा करडा घालून आधी तो मारला आणि कडांवर फिकट करड्याचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला. सी हॉकचं आसन मार्टिन-बेकर मार्क २ प्रकारचं, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारं. त्याची छापील प्रतिकृती रेझिनची होती. छपाईचे आधार काढल्यावर उरलेले खुंट पाणी लावूनच घासावेत. रेझिनची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये, आणि नीट न शिजलेल्या रेझिनला उघड्या हाताने शिवू नये. आसनाचे पट्टे मास्किंग टेपच्या ०.८ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून केले.

हवा आत घेणारी तोंडं पंखांच्या मुळाशी आहेत आणि रोल्स-रॉइस नीन इंजिनाचा झोत दुभंगून दोन्ही बाजूंनी, पंखांच्या मागच्या मुळाशी बाहेर पडतो. अशा चार तोंडांच्या आतल्या बाजूला जोडाची रेघ दिसली की प्रतिकृतीचा भाव जातो. बाहेरून आत कानस जात नाही, म्हणून हे काम दोन्ही अर्धे जोडण्याआधी करावं लागतं: दोन कप्पे जोडायचे, पातळ पुट्टी ब्रशने लावायची, आणि पेन्सिलीला गुंडाळलेल्या ४०० नंबरच्या, मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने आत फिरवायचं. कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

नाकातलं वजन

सी हॉकला नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीत इंजिनाचं वजन नसतं, बहुतेक प्लॅस्टिक मुख्य चाकांच्या मागे असतं, आणि विमान शेपटावर बसतं. नाकात वजन घालावं लागतं, आणि किती ते अंदाजाने ठरवू नये.

इथे रीत अशी वापरली. धडाचे अर्धे, पंख, शेपूट, झाकणं सगळं टेपने तात्पुरतं बांधलं. मुख्य चाकांचा आस जिथे येतो त्या रेषेखाली स्टीलची पट्टी उभी धरून विमान त्यावर तोललं. नाकाच्या टोकाला छोटी प्लॅस्टिकची पिशवी चिकटवली आणि नाक खाली जाईपर्यंत त्यात शिशाचे छर्रे टाकले. १४ ग्रॅम भरले. रंग, पुट्टी आणि नंतर लागणारे भाग बहुधा मागेच वाढतात, म्हणून २० टक्के वाढवून १७ ग्रॅम घालायचं ठरलं.

वजनाचा परिणाम अंतरावर अवलंबून असतो. आसापासून ८० मिलिमीटर पुढे ठेवलेले १० ग्रॅम जे काम करतात, ते ५० मिलिमीटरवर करायला १६ ग्रॅम लागतात. सी हॉकमध्ये कॉकपिट अगदी पुढे आहे आणि त्याच्याखाली पुढच्या चाकाचा कप्पा, त्यामुळे टोकाला जागा फार थोडी. शिसं घनतेने पोलादाच्या जवळजवळ दीडपट. सायकलचे छर्रे वापरले असते तर त्याच जागेत सत्तर टक्केच वजन मावलं असतं. म्हणून शिसंच घेतलं, मासेमारीच्या गळाला लावतात ते.

ते बसवायला पांढरा, पाण्यात विरघळणारा गोंद कधीही वापरू नये. तो वाळताना आणि नंतरही त्यातून आम्लाचे अंश निघतात, शिशाशी त्यांची क्रिया होऊन पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते, आणि दोन-चार वर्षांनी बंद धडाचा जोड आतून उकलतो. इथे छर्रे दोन भागांच्या इपॉक्सीत कालवून भरले. इपॉक्सी एकदम जास्त ओतू नये. ते पक्कं होताना तापतं आणि पातळ प्लॅस्टिकला पोक येतो. दोन हप्त्यांत भरलं की झालं. शिसं हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत हेही इथेच सांगून ठेवतो.

जुलैच्या शेवटी धड बंद झालं.

चूक कशी सापडली आणि मोजमापाची दुसरी चूक

ऑगस्टमध्ये नाशिकच्या मित्राने शेपटावरच्या तिरंगी पट्ट्याचं माप काढायला निवडलेल्या विमानाचा जुना फोटो मोठा करून पाहिला. पट्टा फोटोत पंखाच्या जेवढ्या भागात बसतो, तेवढ्या भागात तो संचाच्या पंखावर बसेना. त्याने फोन केला: “अरे, पट्टा बरोबर आहे, तुझा पंखच बुटका आहे.” फोटोतलं विमान जर्मनीहून आलेल्या खेपेतलं होतं.

दोन मार्ग होते. ब्रिटनहून आलेल्या खेपेतलं, आखूड पंखाचं दुसरं विमान निवडायचं. ते सोपं होतं, पण त्या विमानांचा एकही फोटो असा नव्हता ज्यात क्रमांक आणि चिन्हं दोन्ही स्पष्ट दिसावीत. वहीतले बहुतेक हिरवे टिपके एका झटक्यात पिवळे झाले असते. दुसरा मार्ग पंख वाढवण्याचा. तोच घेतला, आणि आमच्या मते तोच बरोबर होता. प्लॅस्टिक वाढवता येतं, पुरावा वाढवता येत नाही.

आता उंची किती वाढवायची? वास्कोच्या मित्राने संग्रहालयातल्या विमानाचे बाजूने फोटो काढले होते आणि परवानगी घेऊन चाकाचा व्यास टेपने मोजला होता. चाकावरून फोटोचं प्रमाण काढलं आणि जुन्या फोटोलाही तीच रीत लावली. उत्तर आलं ते संचातल्या आखूड पंखाहूनही कमी. म्हणजे कुठेतरी मूळ हिशेबच चुकत होता.

चूक अशी. कॅमेरा विमानाच्या मध्यरेषेपासून आठ मीटरवर होता. जवळच्या बाजूचं चाक मध्यरेषेच्या सुमारे मीटरभर अलीकडे, म्हणजे कॅमेऱ्यापासून सात मीटरवर. उभा पंख मात्र मध्यरेषेवर, आठ मीटरवर. त्यामुळे फोटोत चाक पंखाच्या तुलनेत आठास सात या प्रमाणात, म्हणजे १४ टक्के मोठं दिसतं. त्या मोठ्या चाकाला माप धरलं की मध्यरेषेवरची प्रत्येक गोष्ट साडेबारा टक्के लहान निघते. तीस मीटरवरून फोटो काढला असता तर हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आत राहिला असता.

उपाय दोन. एक, माप धरायची वस्तू मोजायच्या वस्तूच्याच प्रतलात हवी. सी हॉकमध्ये नाकाचं टोक आणि शेपटाचं टोक दोन्ही मध्यरेषेवर आहेत आणि त्यांच्यातलं अंतर माहीत आहे. दोन, फोटो शक्य तितक्या लांबून, झूम वापरून घ्यावा, आणि तो खरंच काटकोनात आहे का ते तपासावं: दोन्ही मुख्य चाकं एकावर एक झाकली गेली पाहिजेत. मागचं चाक थोडं पुढे किंवा मागे डोकावत असेल तर फोटो तिरका आहे. वास्कोचा मित्र पुढच्या रविवारी परत गेला आणि जागा मिळेल तितकं मागे सरून फोटो काढून आला. त्या फोटोंवर आधी रीत तपासली, मगच ती जुन्या फोटोवर वापरली.

संग्रहालयातल्या विमानाचा उपयोग तेवढाच, आणि चाकांचे पाय, दरवाजांची आतली बाजू, पंखाच्या सांध्यातल्या नळ्या यांसाठी. रंगासाठी नाही. उघड्यावर उभी असलेली विमानं पुन्हा पुन्हा रंगवली जातात, आणि रंगवणाऱ्याचं उद्दिष्ट विमान टिकवणं हे असतं.

आकृती कागदावर छापतानाही एक सापळा आहे. छपाई यंत्र आपणहून आकृती पानात बसवायला तीन-चार टक्के आकसवतं. म्हणून आकृतीच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ ठेवली आणि छापल्यावर ती वर्नियर कॅलिपरने मोजली. पहिल्या प्रतीत ती ९७ भरली.

पंख वाढवणं

उभा पंख वर निमुळता होत जातो. मधोमध कापून आत तुकडा घातला तर पुढची आणि मागची कड दोन्ही ठिकाणी खांदा येतो आणि तो घासून सरळ करता करता जाडी जाते. म्हणून वरची गोल टोपी बारीक करवतीने कापली, उरलेल्या खोडावर ०.५ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक पत्र्याचे थर कागदी आकृतीच्या उंचीपर्यंत चढवले, आणि टोपी लहान करून वर परत बसवली. खोडात आणि थरांत ०.४ मिलिमीटरच्या पितळी तारेच्या दोन खिळ्या घातल्या. त्या नसतील तर विमान उचलताना बोट लागून सगळा मनोरा निखळतो.

थर जोडायला प्लॅस्टिक विरघळवणारा पातळ द्रव वापरला. झटपट चिकटणारा फेविक्विकसारखा गोंद इथे नको. तो वाळल्यावर प्लॅस्टिकपेक्षा टणक होतो, घासताना शेजारचं प्लॅस्टिक आधी झिजतं आणि जोडाची रेघ उंचवट्यासारखी उरते. पण विरघळवणाऱ्या द्रवालाही आपली एक खोड आहे: वरून वाळला तरी आतलं प्लॅस्टिक मऊ असतं. त्याच दिवशी घासून गुळगुळीत केलं, तर आठवड्याने आतला ओलावा उडून जोड खाली बसतो आणि रंगाखालून रेघ परत उमटते. तीन दिवस हात लावला नाही. मग गुण्याशी लावून उभेपणा तपासला आणि सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवलेल्या पॉलिश पेपरने घासलं. बोटाने धरून घासलं की कडा गोलावतात. सुकाणूची रेघ वरपर्यंत ओढायला नावपट्ट्या छापायची जाड टेप पट्टीसारखी चिकटवली आणि सुईने पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढली. एकदाच जोर लावला तर सुई घसरते आणि नवी पुट्टी टवके होऊन निघते.

पंख छान झाला. विमान टेबलावर ठेवलं, नुसतं पाठीला बोट लागलं, आणि ते शेपटावर बसलं.

हिशेब करून पाहिला तर कारण स्पष्ट होतं. ३ ग्रॅमची राखलेली वाढ ८० मिलिमीटरवर, म्हणजे ग्रॅम गुणिले मिलिमीटर २४० एवढा जोर शिल्लक. वाढवलेला पंख, खिळ्या आणि पुट्टी मिळून १.२ ग्रॅम, पण आसाच्या मागे १२५ मिलिमीटरवर: १५० तिथेच गेले. उरलेल्या ९० मध्ये रंगाचे थर आणि शेपटाखालचा, नौकेवर उतरताना तारेत अडकणारा आकडा यायचे होते. धड बंद, नाकात वाट नाही.

मार्ग पुण्याच्या मैत्रिणीने सुचवला: पंखांखाली इंधनाच्या टाक्या लावा. टाक्या पोकळ असतात आणि त्यांचा पुढचा भाग मुख्य चाकांच्या पुढे येतो. प्रत्येक टाकीच्या टोकात ३ ग्रॅम शिसं, आसापासून ३० मिलिमीटर पुढे. दोन्ही मिळून १८० परत मिळाले. सी हॉक टाक्या वागवत असे, तेव्हा खोटं काही झालं नाही. फक्त टाक्यांचे आधार आता भार घेणार होते, म्हणून त्यांतही पितळी खिळी गेली.

दुमडलेले पंख

बाहेरचा तुकडा सुमारे ८० मिलिमीटरचा, आणि तो उभा राहणार नखाएवढ्या चपट्या सांध्यावर. प्रत्येक सांध्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन पितळी तारा, दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर आत. तारा आधी दुमडीच्या कोनात वाकवून घ्याव्या लागतात. पुठ्ठ्याचा एकच साचा कापून तो डाव्या आणि उजव्या दोन्ही पंखांना आलटून पालटून लावला, नाहीतर समोरून पाहताना विमान एका खांद्याने वाकलेलं दिसतं. गोंद सावकाश पक्कं होणारं इपॉक्सी. अर्ध्या तासात कोन दुरुस्त करता येतो. सांध्यातल्या नळ्या जुन्या चार्जरच्या वायरमधल्या तांब्याच्या बारीक तारा. त्या वास्कोच्या फोटोंवरून ओढल्या, वहीत पिवळा टिपका.

ठाण्याचा पावसाळा आणि रंग

रंगसंगती ब्रिटिश नौदलाच्या पद्धतीची धरली: वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, ब्रिटिश मानकातला ६४० क्रमांक, आणि खाली स्काय हा फिकट हिरवट रंग. तयार रंगांत गुन्झेचे एच ३३३ आणि एच ७४ जुळतात, हम्ब्रोलचे १२३ आणि ९०. गडद करडा आहे तसा मारला तर छोट्या आकारावर जवळजवळ काळा दिसतो. म्हणून त्यात दहास एक या प्रमाणात पांढरा घातला. ही आवडीची बाब आहे, पण काचेमागच्या मंद उजेडात हा बदल हवाच.

स्काय ऑगस्टच्या शेवटी मारला, लॅकर प्रकारचा, ०.३ मिलिमीटरच्या एअरब्रशने, १५ ते १८ पीएसआय दाबावर. दहा मिनिटांत पोटाखालचा रंग धुरकट पांढरा पडला. रंगाचा दोष नव्हता. लॅकरचा पातळ द्रव फार झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि पावसाळ्यातल्या हवेतलं बाष्प त्या थंड थरावर दवासारखं बसून रंगात अडकतं. वर आणखी रंग मारून ते झाकत नाही. पातळ द्रवाचं वाफ होणं लांबवणारा द्रव, ज्याला रिटार्डर म्हणतात, तो पातळ द्रवात दहा टक्के मिसळून नुसताच हलका फवारा मारला. थर पुन्हा ओला झाला, बाष्प सुटलं, आणि रंग मूळ छटेवर आला. त्यानंतर आर्द्रतामापक टेबलावर ठेवला आणि ७० टक्क्यांच्या वर काटा असेल त्या दिवशी लॅकर उघडायचं नाही असं ठरलं. वातानुकूलित खोलीत तासभर यंत्र चालवल्यावर काटा खाली येतो.

दुसरं पाणी कॉम्प्रेसरमधून येतं. दाबलेली हवा नळीत थंड झाली की थेंब जमतात आणि ते रंगात खळगे पाडतात. पाणी अडवणारी छोटी बाटली कॉम्प्रेसरजवळ असतेच, तशीच एक एअरब्रशच्या मुठीजवळ लावली. टाकीतलं पाणी रोज काढलं.

आर्द्रतेचा तिसरा घाव कॉकपिटच्या काचेवर बसला असता. झटपट गोंदाची वाफ ओलसर हवेत लगेच पांढरी बसते. कॉकपिटचं झाकण बसेपर्यंत आसपास तो गोंद वापरला नाही, आणि झाकण पांढऱ्या गोंदाने चिकटवलं. शिशापाशी वर्ज्य असलेला गोंद इथे मात्र योग्य.

चिन्हं

घरगुती छपाई यंत्रात पांढरी शाई नसते. पारदर्शक कागदावर छापलेला केशरी रंग गडद करड्यावर ठेवला की तो तपकिरी डाग होतो. नाशिकच्या मित्राने म्हणून चक्रं छापलीच नाहीत, साचे कापून दिले: आधी पांढरी चकती, मग बाहेरचं केशरी कडं, मग मधला हिरवा. माप फोटोवरून काढून ४८ ने भागलं. उदाहरणार्थ २४ इंचांचं, म्हणजे ६१० मिलिमीटरचं चक्र १२.७ मिलिमीटरचं होतं. मधलं केंद्र जरा जरी सरकलं तरी डोळ्याला लगेच खुपतं, म्हणून तिन्ही साच्यांवर एकच उभी आणि एकच आडवी खूण कापलेली होती.

क्रमांक आणि बारीक अक्षरं छापील. शाई पाण्यात फुटू नये म्हणून बुडवण्याआधी पारदर्शक अॅक्रिलिकचे तीन हलके थर. विमानावर आधी चकचकीत थर मारला, कारण खरबरीत रंगावर कागदाखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चांदीसारखी चमक राहते. दोन ठिकाणी ती तरीही राहिली. सुईने टोचून, मऊ करणारा द्रव सोडून, रात्रभर ठेवल्यावर गेली.

काजळी इंजिनाच्या दोन्ही झोतांच्या मागे धडाच्या कडेला, फार हलकी. काकांनी सांगितलेल्या जागी ब्रशने मारलेले नव्या रंगाचे चौकोन मूळ रंगापेक्षा किंचित गडद. लांबून ते दिसत नाहीत, काचेला नाक लावलं की दिसतात.

कपाटात

न्यायचं खोकं पुठ्ठ्याचं. विमान चाकांवर न ठेवता, धडाखाली फोमचे दोन आडवे खोबणीदार तुकडे देऊन उचलून धरलेलं, चाकं अधांतरी. नाकाजवळचं वजन रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पुढच्या चाकाचा पाय वाकवतं, म्हणून ही काळजी. पिटोची, म्हणजे हवेतला वेग मोजायची, नळी वेगळ्या डबीत नेली आणि कपाटापाशी बसवली.

नावाच्या पाटीवर विमान, प्रकार, नौका, स्क्वाड्रन आणि प्रमाण. पाटीमागे घडी करून ठेवलेल्या कागदावर वहीतल्या तांबड्या टिपक्यांची यादी: पोटावरच्या बारीक सूचनांची अक्षरं, चाकांच्या दरवाजांचा आतला रंग, डाव्या टाकीवरचा क्रमांक. शेपटाच्या आकृतीची एक प्रत, कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ असलेली, मित्रांपैकी ज्याच्याकडे एफजीए ६ चा आणखी एक संच आहे त्याला पाठवली आहे. त्याने अजून धड बंद केलेलं नाही.